वीस लिनक्स मशीनांचा एचटीकॉन्डर पूल: बसवणं, जुळवणं आणि जॉब अडला की कुठे पाहायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विभागात एक सर्व्हर आणि वीसेक उबुंटू डेस्कटॉप आहेत. दिवसा त्यांवर विद्यार्थी बसतात, रात्री मशीन पडून असतात. एकच प्रोग्रॅम वेगवेगळ्या इनपुटवर काही हजार वेळा चालवायचा आहे. त्यासाठी एचटीकॉन्डर, म्हणजे मशीनांच्या गटाला (‘पूल’ला) जॉब वाटून देणारं सॉफ्टवेअर बसवलं, पण निम्मे डेस्कटॉप यादीत दिसत नाहीत. जे दिसतात त्यांवर जॉब ‘आयडल’ राहतात आणि जे थोडे सुरू होतात ते ‘होल्ड’वर जातात. आता सगळं पुसून पुन्हा बसवावं का?

पुसू नका. या तीन तक्रारी तीन वेगळ्या टप्प्यांवरच्या आहेत. मशीन दिसत नाही म्हणजे ओळख पटलेली नाही. आयडल म्हणजे जुळणी होत नाही. होल्ड म्हणजे जुळणी झाली, जॉब पोचला आणि तिथे फाइल, खातं किंवा मेमरीपाशी अडला. पुन्हा बसवून यातलं काहीच सुटत नाही, कारण पॅकेज बसवणं हे यातलं सर्वांत सोपं काम आहे. नेमकं कोणी ‘नाही’ म्हटलं ते आधी शोधायचं.

लिहिण्याबद्दल एक सूचना. खाली आज्ञा आणि सेटिंगांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाकायच्या आणि अंडरस्कोर जिथे दाखवलाय तिथेच ठेवायचा.

या कामाला एचटीकॉन्डर ही निवड बरोबर आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन इथल्या संगणकशास्त्र विभागात १९८८ च्या सुमारास हे सुरू झालं ते रिकाम्या डेस्कटॉपांचा वेळ वापरण्यासाठीच. २०१२ पर्यंत नाव नुसतं ‘कॉन्डर’ होतं, ट्रेडमार्कच्या वादानंतर पुढे ‘एचटी’ लागलं. आज्ञांची नावं मात्र जुनीच राहिली. सर्नच्या बॅच यंत्रणेत हेच चालतं, आणि गुरुत्वीय लहरींच्या विदेसाठी पुण्याच्या आयुकात उभारलेला ‘सारथी’ क्लस्टरही याच जातकुळीतला. तुमचा प्रोग्रॅम एकाच वेळी अनेक मशीनांवर पसरून आपापसांत सतत बोलणारा, म्हणजे एमपीआयचा असता, तर स्लर्म ही जॉब वाटणारी दुसरी यंत्रणा घ्या म्हटलं असतं. स्वतंत्र हजारो जॉबांसाठी ती गरज नाही.

आधी रचना डोक्यात पक्की करा. पूलमध्ये तीन भूमिका असतात. सेंट्रल मॅनेजरवर ‘कलेक्टर’ आणि ‘निगोशिएटर’ हे दोन डीमन, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारे प्रोग्रॅम असतात. पहिला सगळ्या मशीनांची माहिती गोळा करतो, दुसरा जॉब आणि मशीन यांची सोयरीक जुळवतो. जिथून जॉब टाकायचे तिथे ‘स्केड’ असतो, म्हणजे रांगेचा मालक. डेस्कटॉपवर ‘स्टार्ट-डी’ असतो. जॉब सुरू झाला की स्केडच्या बाजूला त्या जॉबपुरता एक ‘शॅडो’ जन्मतो आणि डेस्कटॉपच्या बाजूला एक ‘स्टार्टर’, मग फाइलींची देवाणघेवाण हे दोघं करतात. निगोशिएटर जुळवून बाजूला होतो, पुढच्या संसारात तो नसतो. म्हणून जॉब होल्डवर गेल्यावर निगोशिएटरचा लॉग चाळण्यात अर्थ नाही. वीस डेस्कटॉपांसाठी पहिल्या दोन भूमिका त्या एकाच सर्व्हरवर ठेवा.

बसवण्याआधी नावं तपासा. उबुंटू आणि डेबियनच्या ‘/ईटीसी/होस्ट्स’ फाइलमध्ये मशीनचं स्वतःचं नाव १२७.०.१.१ या पत्त्याला बांधलेलं असतं. ती ओळ काढून खरा लॅन पत्ता लिहा आणि प्रत्येक डेस्कटॉपवर सर्व्हरचं नाव त्याच्या खऱ्या पत्त्याकडे जातं ना, ते पाहा. डीएनएस नसेल तर वीसही मशीनांवर एकच होस्ट्स फाइल टाका. नावं पूर्ण हवीत, म्हणजे नुसतं ‘पीसी०७’ नको, ‘पीसी०७.विभाग.लॅन’ अशा धर्तीचं. घड्याळंही क्रोनीने जुळवून घ्या, कारण टोकनवर, म्हणजे मशीनच्या डिजिटल ओळखपत्रावर, वेळेचा शिक्का असतो आणि घड्याळ मागे असलेल्या मशीनला ते टोकन भविष्यातलं वाटतं.

पोर्ट एकच लागतो: टीसीपी ९६१८. सगळे डीमन ‘शेअर्ड पोर्ट’मधून याच दारातून ये-जा करतात. पोर्टांची लांबलचक मालिका उघडायला सांगणारी जुनी टिपणं सोडून द्या. हा पोर्ट मात्र सर्व्हरवर आणि प्रत्येक डेस्कटॉपवरही आत येण्यासाठी उघडा हवा, कारण जुळणी झाल्यावर स्केड स्वतः डेस्कटॉपकडे जातो. डेस्कटॉप नॅटच्या मागे, म्हणजे बाहेरून थेट पोचता न येणाऱ्या खासगी पत्त्यांवर असतील तर त्यांवर ‘सीसीबी_ॲड्रेस’ची किंमत ‘$(कलेक्टर_होस्ट)’ ठेवा, म्हणजे उलट्या बाजूने जोडणी होते.

आता बसवणं. अधिकृत स्क्रिप्ट ‘गेट डॉट एचटीकॉन्डर डॉट ऑर्ग’वरून कर्लने घेऊन सुडोच्या बॅशला द्यायची. पर्याय दिला नाही तर ती काय करणार एवढंच छापते आणि थांबते. खरंच बसवायचं तर ‘--नो-ड्राय-रन’ लागतं. सर्व्हरवर त्यापुढे ‘--सेंट्रल-मॅनेजर’ आणि सर्व्हरचं नाव. डेस्कटॉपवर ‘--एक्झिक्यूट’ आणि पुन्हा सर्व्हरचंच नाव, डेस्कटॉपचं नाही. इथे बरेच जण स्वतःच्या मशीनचं नाव देतात आणि मग वीस डेस्कटॉप वीस वेगळ्या सर्व्हरांना शोधत बसतात. पूलचा पासवर्ड ‘गेट_एचटीकॉन्डर_पासवर्ड’ या व्हेरिएबलमधून जातो. ते व्हेरिएबल सुडोच्या नंतर लिहा. आधी लिहिलं तर सुडो ते पुसून टाकतो आणि स्क्रिप्टपर्यंत काही पोचत नाही. पासवर्डात डॉलरचं चिन्ह असेल तर एकेरी अवतरणात ठेवा.

सर्व्हरवर रांगही हवी, म्हणून तिथे ‘/ईटीसी/कॉन्डर/कॉन्फिग.डी’ या डिरेक्टरीत ‘०२-रांग.कॉन्फिग’सारखी नवी फाइल करून एक ओळ घाला: ‘डीमन_लिस्ट = $(डीमन_लिस्ट) स्केड’. मग सिस्टिमसीटीएलने कॉन्डर सेवा रीस्टार्ट करा.

मूळ ‘कॉन्डर_कॉन्फिग’ फाइलला हात लावू नका. तुमचं सगळं कॉन्फिग.डीमध्येच. तिथल्या फाइली नावाच्या अक्षरक्रमाने वाचल्या जातात आणि शेवटची किंमत जिंकते. ‘९-’ने सुरू होणारी फाइल ‘१०-’च्या नंतर वाचली जाते, म्हणून क्रमांक नेहमी दोन अंकी द्या. याहून फसवा प्रकार म्हणजे जुनी प्रत. शेवटी टिल्डा असलेल्या किंवा बिंदूने सुरू होणाऱ्या फाइली कॉन्डर वगळतो, पण ‘.बॅक’ जोडलेली फाइल वगळत नाही. ‘५०-डेस्कटॉप.कॉन्फिग’ बदलण्याआधी तुम्ही त्याच डिरेक्टरीत ‘५०-डेस्कटॉप.कॉन्फिग.बॅक’ ठेवली, तर ती नंतर वाचली जाते आणि तुमचा नवा बदल जुन्या किमतीखाली गाडला जातो. ‘बदल केला पण फरकच पडत नाही’ असं झालं की ‘कॉन्डर_कॉन्फिग_व्हॅल -व्ही’ आणि सेटिंगचं नाव द्या. किमतीबरोबर ती कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीतून आली तेही दिसतं. ‘-समरी’ दिलं तर मूळ किमतींपेक्षा वेगळं तेवढंच फाइलवार दिसतं. पूलबद्दल कोणाला काही विचारायचं असेल तर आधी हा समरीचा निकाल जवळ ठेवावा.

आता पहिली तक्रार: मशीन न दिसणं.

आवृत्ती ९.० पासून, म्हणजे २०२१ पासून, सुरक्षा मुळातच चालू असते. नुसती आयपी पत्त्यांची यादी दिली की काम झालं, हा काळ गेला. डेस्कटॉपने कलेक्टरला टोकन दाखवावं लागतं. न दिसणाऱ्या डेस्कटॉपचा पत्ता सर्व्हरवरच्या ‘कलेक्टरलॉग’मध्ये शोधा. लॉग ‘/व्हार/लॉग/कॉन्डर’मध्ये असतात. ‘परमिशन डिनाइड टू अनऑथेंटिकेटेड@अनमॅप्ड’ अशी ओळ सापडली तर डेस्कटॉप पोचलाय, पण ओळखपत्राशिवाय. ओळच सापडली नाही तर तो पोचलेलाच नाही. मग डेस्कटॉपवरचा ‘मास्टरलॉग’ (बाकीचे डीमन सुरू ठेवणाऱ्या ‘मास्टर’चा लॉग), फायरवॉल आणि ‘कॉन्डर_होस्ट’ची किंमत पाहा.

स्क्रिप्टने बसवलं की पूलचा पासवर्ड प्रत्येक डेस्कटॉपवर ‘पासवर्ड्स.डी’मध्ये जाऊन बसतो. बंद सर्व्हर रूममधल्या मशीनांना ते चालतं. विद्यार्थी बसतात त्या मशीनांवर मला ते पटत नाही. हा पासवर्ड म्हणजे टोकनांवर सही करायची किल्ली असते. एका डेस्कटॉपवर कोणी पेन ड्राइव्हवरून बूट करून रूट झालं, की त्याला हव्या त्या नावाचं टोकन छापता येतं. किल्ली फक्त सर्व्हरवर राहू द्या आणि डेस्कटॉपांना नुसतं टोकन द्या.

त्यासाठी सर्व्हरवर रूट म्हणून ‘कॉन्डर_टोकन_क्रिएट -आयडेंटिटी’ चालवा आणि पुढे ‘कॉन्डर@’ व पूलचं डोमेन द्या. जी लांब ओळ छापली जाईल ती डेस्कटॉपवर ‘/ईटीसी/कॉन्डर/टोकन्स.डी’मध्ये एका फाइलीत ठेवा. फाइलची मालकी रूटची आणि परवानगी ६०० हवी. मग डेस्कटॉपच्या पासवर्ड्स.डीमधली ‘पूल’ नावाची फाइल काढून टाका. वीस वेळा चिकटवण्याचा कंटाळा असेल तर सर्व्हरवर ‘कॉन्डर_टोकन_रिक्वेस्ट_ऑटो_अप्रूव्ह’ चालवून लॅबच्या पत्त्यांचा पट्टा आणि तासाभराची मुदत द्या, आणि त्या तासात डेस्कटॉप सुरू करा. ते स्वतः टोकन मागतात आणि त्यांना मिळतं.

‘ट्रस्ट_डोमेन’ सर्व मशीनांवर स्पष्ट लिहून ठेवा आणि नंतर बदलू नका. टोकनमध्ये ते कोणी दिलं त्याचं नाव कोरलेलं असतं. हे डोमेन बदललं की जुनी सगळी टोकनं एका क्षणात परकी होतात, आणि लॉगमध्ये पुन्हा तीच ‘अनऑथेंटिकेटेड’ची ओळ दिसते. तपासायला डेस्कटॉपवर रूट म्हणून ‘कॉन्डर_पिंग -टाइप कलेक्टर -टेबल ऑल’ चालवा. कोणत्या कामाला परवानगी आहे, कोणती पद्धत वापरली आणि तुमची ओळख काय ठरली, हे तक्त्यात दिसतं. सुडो विसरलात तर टोकन वाचताच येत नाही आणि निकाल उगाच वाईट दिसतो.

दुसरी तक्रार: आयडल.

पाच मिनिटं थांबलात का? निगोशिएटरची फेरी साधारण मिनिटाला होते आणि मशीनची माहिती कलेक्टरकडे दर ३०० सेकंदांनी ताजी होते. त्यानंतरही हालचाल नसेल तर ‘कॉन्डर_क्यू -बेटर-अॅनलाइज’ आणि जॉबचा क्रमांक द्या. निकालात जॉबच्या अटी एकेक पायरी करून मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीपुढे ती अट किती स्लॉट (मशीनचे जॉबसाठी पाडलेले वाटे) पुरी करतात तो आकडा असतो. आर्किटेक्चरपुढे २०, ऑपरेटिंग सिस्टिमपुढे २०, डिस्कपुढे २० आणि ‘टार्गेट.मेमरी >= रिक्वेस्टमेमरी’पुढे ०. म्हणजे तुम्ही मागितली तेवढी मेमरी एकाही स्लॉटकडे नाही. शून्य कुठल्या पायरीवर आलं तेवढंच पाहायचं.

बहुतेक वेळा हे शून्य स्लॉटांच्या जुन्या वाटणीमुळे येतं. ८ कोर आणि १६ जीबीच्या डेस्कटॉपचे जुन्या पद्धतीने ८ ठरीव स्लॉट पडतात, प्रत्येकी सुमारे २ जीबीचे. ३ जीबी मागणारा जॉब रिकाम्या मशीनवरही बसत नाही. म्हणून विभागता येणारा एकच मोठा स्लॉट ठेवा. नव्या आवृत्त्यांत तो आपसूक असतो, पण लिहिलेलं बरं: ‘नम_स्लॉट्स_टाइप_१ = १’, ‘स्लॉट_टाइप_१ = १००%’, ‘स्लॉट_टाइप_१_पार्टिशनेबल = ट्रू’. मग जॉब मागेल तेवढा तुकडा त्यातून कापला जातो. मेमरी १२८ एमबीच्या पटीत वर ढकलली जाते, म्हणजे १००० मागितले तर १०२४ जातात. डेस्कटॉपच्या स्वतःच्या वापरासाठी ‘रिझर्व्ह्ड_मेमरी = २०४८’ ठेवा. हा आकडा एमबीत असतो.

एककांवरून आणखी एक. जॉबच्या फाइलीत ‘रिक्वेस्ट_मेमरी’पुढे नुसता आकडा दिला तर तो एमबी समजला जातो, पण ‘रिक्वेस्ट_डिस्क’पुढचा नुसता आकडा केबी समजला जातो. ‘रिक्वेस्ट_डिस्क = १०’ म्हणजे दहा केबी. नेहमी जीबी किंवा एमबी शेपटीला लावा, म्हणजे विचार करावा लागत नाही.

शून्य ‘स्टार्ट’ या अटीपाशी आलं असेल तर मशीननेच नकार दिला. डेस्कटॉप धोरणात ‘यूज पॉलिसी : डेस्कटॉप’ ही तयार ओळ असते. कीबोर्ड आणि माउस १५ मिनिटं शांत आणि इतर कामांचा लोड ०.३ च्या खाली असेल तेव्हाच जॉब येतो. कोणी बसलं की जॉब थांबवला जातो आणि थांबलेला फार वेळ राहिला की हाकलला जातो. हे सुंदर आहे, पण ज्या मशीनवर ब्राउझर उघडा टाकून माणूस घरी गेलाय तिथे लोड रात्रभर ०.३ च्या वर राहू शकतो. कीबोर्डची हालचाल कॉन्डरला कळते का, तेही पाहून घ्या: कळ दाबा आणि लगेच ‘कॉन्डर_स्टेटस -डायरेक्ट’ व मशीनचं नाव देऊन ‘कीबोर्डआयडल’ची किंमत बघा. ‘-डायरेक्ट’ नसेल तर कलेक्टरकडची पाच मिनिटांपूर्वीची शिळी किंमत दिसते. ग्राफिकल सत्रात आकडा वाढतच राहिला तर कीबोर्डवर नजर ठेवणारा ‘कॉन्डर_केबीडीडी’ चालू नाही किंवा त्याला सत्र दिसत नाही.

तुमच्या विभागाला मी याहून साधं धोरण सुचवेन: घड्याळाचं. मशीनच्या माहितीत ‘क्लॉकमिन’ असतो, मध्यरात्रीपासून झालेली मिनिटं. संध्याकाळी ७ म्हणजे ११४० आणि सकाळी ८ म्हणजे ४८०. तेव्हा

रात्र = (क्लॉकमिन < ४८० || क्लॉकमिन >= ११४० || क्लॉकडे == ०)
स्टार्ट = $(रात्र)
प्रीएम्प्ट = !($(रात्र))

क्लॉकडे ० म्हणजे रविवार. ‘रात्र’ हे नाव तुमचं, ते रोमनमध्ये हवं तसं लिहा. बाकीची नावं ठरलेली आहेत. सकाळी ८ ला उरलेले जॉब हाकलले जातात आणि पुन्हा रांगेत येतात.

हाकललेला जॉब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, हे विसरू नका. प्रोग्रॅमला न सांगता त्याची स्थिती जपणारी जुनी ‘स्टँडर्ड युनिव्हर्स’ आता काढून टाकली आहे. जॉब १ ते ३ तासांचे ठेवलेत तर नुकसान तेवढंच. १४ तासांचा जॉब १३ तासांच्या रात्रीत संपणार नाही आणि रविवारची मोकळीक मिळेपर्यंत रोज रात्री इमानदारीत पहिल्यापासून धावेल. लांब जॉब टाळता येत नसेल तर प्रोग्रॅमला मधूनमधून स्थिती फाइलीत लिहायला लावा, लिहून झाली की ८५ या कोडने बाहेर पडायला सांगा आणि जॉबच्या फाइलीत ‘चेकपॉइंट_एक्झिट_कोड = ८५’ द्या. कॉन्डर ती फाइल जपून प्रोग्रॅम पुन्हा सुरू करतो. उलट दहा-वीस सेकंदांचे जॉबही वाईट. तिथे कामापेक्षा फाइली नेण्या-आणण्यातच जास्त वेळ जातो. असे पन्नास-शंभर एकत्र बांधून एक जॉब करा.

रात्री मशीन आपोआप गायब होत असतील तर कॉन्डरला दोष देण्याआधी डेस्कटॉपची वीजबचत बघा. न वापरलेला डेस्कटॉप झोपी जातो आणि जॉब चालू असणं हे त्याच्या लेखी वापरणं नसतं. सिस्टिमसीटीएलने ‘स्लीप.टार्गेट’ आणि ‘सस्पेंड.टार्गेट’ मास्क करा. अशा मशीनची नोंद कलेक्टरकडून १५ मिनिटांनी जाते, पण शॅडो मूळ सेटिंगनुसार ४० मिनिटं त्याची वाट पाहतो. म्हणून वीज गेल्यावर जॉब लगेच रांगेत परतला नाही तर घाबरू नका.

तिसरी तक्रार होल्डची. इथेच सगळ्यात जास्त प्रकार आहेत आणि इथेच यंत्रणा सगळ्यात स्पष्ट बोलते. ‘कॉन्डर_क्यू -होल्ड’ चालवा, कारण पूर्ण वाक्यात लिहिलेलं असतं. ते न वाचता ‘कॉन्डर_रिलीज’ मारत राहणं हा वेळेचा अपव्यय आहे.

मुळाशी दोन सेटिंग असतात: ‘यूआयडी_डोमेन’ आणि ‘फाइलसिस्टिम_डोमेन’. पहिलं म्हणजे ‘या मशीनांवर खाती एकच आहेत’ असं आश्वासन, दुसरं म्हणजे ‘या मशीनांना एकच सामायिक डिस्क दिसते’ असं आश्वासन. खोटं आश्वासन दिलं की जॉब अडतो. सामायिक डिस्क नसताना फाइलसिस्टिम_डोमेन सगळीकडे सारखं ठेवलं, तर कॉन्डर समजतो की फाइली तिथे आहेतच आणि त्या पाठवतच नाही. मग डेस्कटॉपवर इनपुट सापडत नाही, किंवा आउटपुट डेस्कटॉपवरच राहून जातं. तुमच्याकडे एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून सामायिक डिस्क नसेल तर ही किंमत मुळातली राहू द्या, म्हणजे प्रत्येक मशीनचं स्वतःचं पूर्ण नाव, आणि जॉबमध्ये ‘शुड_ट्रान्सफर_फाइल्स = येस’ स्पष्ट लिहा.

यूआयडी_डोमेन सारखं असेल तर जॉब टाकणाऱ्याच्याच खात्याने चालतो आणि ते खातं डेस्कटॉपवर असावं लागतं. नसेल तर जॉब सुरू होत नाही. डोमेन वेगळं असेल तर जॉब ‘नोबडी’ म्हणून चालतो. तुमच्या कामाला नोबडी पुरेसा आहे, फक्त एकाच मशीनवरचे सगळे जॉब एकाच खात्याने चालतात आणि एकमेकांच्या प्रक्रियांना धक्का लावू शकतात. तसं नको असेल तर ‘स्लॉट१_१_यूजर’, ‘स्लॉट१_२_यूजर’ अशी वेगळी खाती नेमून द्या. आणखी एक गाठ: डेस्कटॉप फक्त डोमेनच्या शब्दावर विसंबत नाही, तर जॉब पाठवणाऱ्या सर्व्हरचं नाव खरंच त्या डोमेनमध्ये मोडतं का तेही पाहतो. सर्व्हरचं नाव अर्धं असेल तर डोमेन सारखं असूनही जॉब नोबडीच राहतो. नावं नीट करा. नाइलाज असेल तरच ‘ट्रस्ट_यूआयडी_डोमेन = ट्रू’.

जॉबची फाइल एवढी पुरते:

एक्झिक्युटेबल = चालव.एसएच
आर्ग्युमेंट्स = $(प्रोसेस)
ट्रान्सफर_इनपुट_फाइल्स = इनपुट_$(प्रोसेस).डॅट, मॉडेल
शुड_ट्रान्सफर_फाइल्स = येस
आउटपुट = आउट/$(क्लस्टर)_$(प्रोसेस).आउट
एरर = आउट/$(क्लस्टर)_$(प्रोसेस).एरर
लॉग = धाव.लॉग
रिक्वेस्ट_सीपीयूज = १
रिक्वेस्ट_मेमरी = २जीबी
रिक्वेस्ट_डिस्क = १जीबी
मॅक्स_आयडल = ५००
क्यू ५०००

‘आउट’ डिरेक्टरी आधी बनवा, कॉन्डर ती बनवेल असं धरून चालू नका. ‘मॅक्स_आयडल’मुळे पाच हजार जॉब एकदम रांगेत न कोंबता लागतील तसे तयार होतात आणि स्केड हलका राहतो. आधी ‘क्यू १’, मग ‘क्यू २०’, आणि तेव्हाच पाच हजार.

स्क्रिप्टच्या आत पूर्ण मार्ग लिहा. तुमच्या शेलमधलं ‘पाथ’ आणि बाकी वातावरण जॉबबरोबर जात नाही. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट ओळीच्या शेवटी एक अदृश्य अक्षर घेऊन येते. मुख्य स्क्रिप्टमध्ये ते असेल तर ‘कॉन्डर_सबमिट’ तिथेच अडवतो, पण तिने पुढे बोलावलेल्या दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये असेल तर कोणी पाहत नाही आणि डेस्कटॉपवर ‘बॅड इंटरप्रिटर’ येतं. डॉसटूयुनिक्स फिरवा.

मशीनांवर उबुंटूच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतील तर प्रोग्रॅम सर्वांत जुन्या मशीनवर कंपाइल करा. २२.०४ वर ग्लिब्सी (सी भाषेची मूळ लायब्ररी) २.३५ असते, २०.०४ वर २.३१. नव्यावर बांधलेला प्रोग्रॅम जुन्यावर ‘ग्लिब्सी_२.३४ नॉट फाउंड’ म्हणून मरतो. हा होल्डवर जात नाही, चूक-कोड देऊन ‘पूर्ण’ होतो. म्हणून रांग रिकामी झाली म्हणजे काम झालं असं धरू नका, एररच्या फाइली बघा.

मेमरीमुळे आलेला होल्ड ३४ या कोडचा असतो. नव्या आवृत्त्यांत सीग्रुपमुळे, म्हणजे प्रक्रियांना मर्यादा घालणाऱ्या लिनक्सच्या सोयीमुळे, ही मर्यादा कडक पाळली जाते. आधी वीस जॉब चालवा, लॉगच्या शेवटी प्रत्यक्ष वापर, मागणी आणि दिलेलं यांचा छोटा तक्ता असतो, त्यातला सर्वांत मोठा आकडा घेऊन वर थोडं वाढवा. अंदाजाने ८ जीबी मागून ठेवलं तर १६ जीबीच्या मशीनवर, राखीव मेमरी वजा जाता, एकच जॉब बसेल आणि सात कोर रात्रभर जांभया देतील. कोरांबाबत उलटी चूक होते. सीग्रुप प्रोसेसरचा फक्त वाटा ठरवतो, मशीन रिकामं असेल तर जॉब जास्त कोरही घेऊ शकतो. ओपनएमपीसाठी थ्रेडांची संख्या स्टार्टर वातावरणात लिहून देतो, पण स्वतःच मशीनचे कोर मोजून तितक्या प्रक्रिया काढणारा प्रोग्रॅम एका कोरच्या स्लॉटमध्ये आठ प्रक्रिया उघडेल. तसे आठ जॉब आले की एका मशीनवर चौसष्ट. प्रक्रियांची संख्या आर्ग्युमेंटमधून द्या.

कोड १३ म्हणजे इनपुट फाइल नेताना घोळ, बहुधा नावातली चूक. कोड १२ म्हणजे आउटपुट परत आणताना, बहुधा प्रोग्रॅमने सांगितलेली फाइल बनवलीच नाही.

सर्व्हरवरची ‘स्पूल’ डिरेक्टरी स्थानिक डिस्कवर ठेवा, एनएफएसवर नको. सगळी रांग तिथल्या ‘जॉब_क्यू.लॉग’ या एका फाइलीत असते. ती डिस्क भरली की स्केड पडतो, मास्टर त्याला उठवतो, तो पुन्हा पडतो, आणि हे ‘मास्टरलॉग’मध्ये ओळीने दिसतं. तशीच डेस्कटॉपवरची ‘एक्झिक्यूट’ डिरेक्टरी. मूळ जागा ‘/व्हार/लिब/कॉन्डर’खाली असते आणि बऱ्याच डेस्कटॉपांवर ‘/व्हार’ लहान असतं. मोठ्या विभाजनावर हलवा.

दोन-तीन जण पूल वापरू लागले की वाटणीवरून कुरबूर होईल. ‘कॉन्डर_यूजरप्रायो’ दाखवा. नवा माणूस ५०० वर सुरू होतो, वापराबरोबर आकडा वाढतो, आणि आकडा जितका कमी तितका हक्क जास्त. जुना वापर दर २४ तासांनी निम्म्याने विसरला जातो, म्हणून काल सगळी रात्र खाल्लेला माणूस दोन-चार दिवसांत पुन्हा बरोबरीला येतो. यात हाताने ढवळाढवळ करू नका.

तुमच्या आत्ताच्या स्थितीत क्रम असा धरा: न दिसणाऱ्या एका डेस्कटॉपवर कॉन्डर_पिंग, आयडल असलेल्या एका जॉबवर बेटर-अॅनलाइज, होल्डवरच्या एका जॉबचं कारण. तिन्हींचा निकाल आणि दोन्ही बाजूंचा कॉन्डर_कॉन्फिग_व्हॅल -समरी इथे टाका. त्यातलं पासवर्ड किंवा टोकन मात्र टाकू नका.